मी, छातीचं सोंग घेतलेली बाटली

मी बोलतेय खरी, पण कोण बोलतेय म्हणून सांगू, इथेच माझी गाडी अडते. जन्माने मी सरबताची बाटली. शाळेतली मुलं मला फुप्फुस म्हणायची, बाई छाती म्हणायच्या, आणि हल्ली जिथे माझा मुक्काम आहे तिथे मला नुसतं ‘ती’ म्हणतात. “ती आणा जरा इकडे.” एवढ्यावरून मी काय समजायचं?

माझं बालपण लवकर आटोपलं. कारखान्यात मला फुगवून आकार दिला, नारिंगी सरबत भरलं, आणि ते संपल्यावर मी एका ओट्याखाली इतर रिकाम्या बाटल्यांबरोबर पडून राहिले. ते घर विज्ञानाच्या बाईंचं होतं. एके सकाळी त्यांनी मला उचललं, धुतलं, उजेडात धरून पाहिलं. मला वाटलं, आता पाणी भरून ठेवतील, सुखाचे दिवस आले. तर बाईंनी कात्री घेतली आणि माझा तळच कापून टाकला! बिनतळाची बाटली कुणाच्या उपयोगाची? मी मनातल्या मनात बोंब ठोकली. बाई मात्र गुणगुणत होत्या. त्यांनी माझ्या झाकणाला भोक पाडून खाली दोन फाटे असलेली एक नळी बसवली, त्या दोन फाट्यांना दोन लाल फुगे बांधून ते माझ्या पोटात सोडले, आणि कापलेल्या तळावर एका मोठ्या फुग्याचं रबर ताणून बसवलं. झाकणाभोवती मातीचं लिंपण केलं.

“झाली छाती तयार,” बाई स्वतःशीच म्हणाल्या.

मी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

वर्गात गेल्यावर गोंधळ आणखी वाढला. बाई मुलांना म्हणाल्या, “आतले फुगे फुगवायचेत. पण तोंडाने फुंकायचं नाही.” मुलं चक्रावली, आणि त्यांच्याहून जास्त मी. मग बाईंनी माझ्या तळाचं रबर चिमटीत धरून खाली ओढलं, आणि काय सांगू, माझ्या पोटातले दोन्ही फुगे फुगले! रबर सोडलं की मिटले. पुन्हा ओढलं, पुन्हा फुगले. वर्गात एकच गलका उडाला. “बाई, कसं काय?”

बाईंना एक खोड होती. विचारलेल्याचं उत्तर म्हणून द्यायच्याच नाहीत. “तुला काय वाटतं?” एवढंच विचारायच्या आणि खुशाल खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. उत्तर ठाऊक असलेलं माणूस ते असं दाबून का ठेवतं, हे मला कधी कळलं नाही.

बरीच डोकेफोड करून मुलांनीच शोधून काढलं. रबर खाली गेलं की माझ्या पोटात जागा वाढते, आणि त्या जागेकडे बाहेरची हवा नळीतून धावते. म्हणजे हवा आत शिरते म्हणून छाती फुगत नाही. छाती फुगते म्हणून हवा आत शिरते. मी हे ऐकलं, मनात घोळवलं आणि पार गोंधळून गेले. घडतंय माझ्याच पोटात आणि कळतं मात्र सगळ्या जगाला, मी सोडून!

बाई मला कपाटात कुलूपबंद ठेवत नसत. कुणीही यावं, उचलावं, ओढावं. त्या हाताळणीतच घात झाला. शेवटच्या बाकावर एक कलाकार बसायचा. बाकावर, पट्टीवर, डब्यावर, दिसेल तिथे स्वतःचं नाव कोरायची त्याला भारी हौस. एकदा माझ्यावर कोरताना त्याच्या कर्कटकाचं टोक माझ्या कुशीत आरपार गेलं. त्याने मला हळूच जागेवर ठेवलं आणि साळसूद चेहऱ्याने पुस्तक उघडून बसला.

पुढच्या तासाला बाईंनी रबर ओढलं. फुगे ढिम्म.

“बाई, फुप्फुस मेलं!” कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खोखो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक मुलगी तेवढी हसली नाही. तिला सगळे घुमी म्हणायचे, कारण ती वर्गात तोंड उघडत नसे. मधले काही दिवस ती शाळेत आलीच नव्हती.

“का नाही फुगत? शोधा,” बाई म्हणाल्या.

मी या हातातून त्या हातात फिरले. घुमीच्या हातात आले तेव्हा तिने मला कानाशी धरलं, रबर ओढलं, आणि नेमकं त्या भोकावर बोट ठेवलं. पुन्हा ओढलं. फुगे फुगले! बोट काढलं, मिटले.

“हवा भोकातूनच आत घुसतेय,” ती म्हणाली. “मग फुग्यात कशाला जाईल?” मग तिने अगदी हळू विचारलं, “बाई, माणसाच्या छातीला भोक पडलं तर?”

आता बाई तिलाच उलट विचारणार, मी म्हटलं. पण बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सरळ उत्तर दिलं. “असंच होतं. फुप्फुस चांगलं असलं तरी मिटून जातं.”

घुमी रडायलाच लागली. मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. तिचे वडील रंगारी. शिडीवरून घसरले ते खाली कुंपणाच्या सळईवर पडले, आणि सळई बरगड्यांमधून आत गेली. दवाखान्यात जखम शिवली, आणि आता त्यांच्या कुशीत एक नळी घातलीय, आतली हवा काढायला.

“काका म्हणतात, माणूस श्वासासाठी तळमळतोय आणि हे त्याच्यातलीच हवा काढून घेतायत! आज संध्याकाळी नळी काढायला लावणार आहेत. बाबांना घरी नेणार आहेत.”

“आणि बाबा काय म्हणतात?”

“तेही हो म्हणतायत. घाबरलेत ते.”

“डॉक्टरांनी समजावलं नाही?”

“समजावलं ना. कुणाला काही कळलंच नाही.”

बाईंनी मला तिच्या हातात दिलं. “हिला घे. मी येते बरोबर, पण बोलायचं तू.”

पिशवीतून डोकं बाहेर काढून मी पाहिलं तर पांढऱ्या पलंगांची रांग. घुमीचे वडील उशीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या कुशीतून निघालेली नळी खाली एका बाटलीत, पाण्यात बुडाली होती. बाटली! आमच्याच कुळातली! ती पलंगाखाली बसून बुडबुडे सोडत होती आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कपड्यांची पिशवी भरत होते.

“काका, हे बघा ना.”

“खेळणी कसली घेऊन आलीस? इथे तुझ्या बापाचा जीव टांगणीला लागलाय!”

घुमीने मला काकांच्या पुढ्यात धरलं. ती मागे हटली नाही. “ही बाबांची छाती. सळईने हे भोक पाडलं. मी ओढतेय बघा. फुगतायत का फुगे?”

“नाही,” काका म्हणाले. “पण भोक शिवलं ना डॉक्टरांनी?”

“शिवलं. पण आधी शिरलेली हवा आतच राहिली. ती जागा अडवून बसलीय, फुप्फुसाला फुगूच देत नाही. नळी तीच हवा काढतेय, काका. बाबांच्या श्वासातली नाही.”

“आणि नळीतून परत आत गेली म्हणजे?”

“नळीचं टोक पाण्यात आहे. बुडबुडा वर येतो. परत खाली जाऊन नळीत शिरेल का तो?”

काका गुडघ्यांवर बसले, पलंगाखाली वाकले आणि कितीतरी वेळ बुडबुडे बघत राहिले. मग त्यांनी मला हातात घेतलं. भोकावर बोट ठेवून ओढलं, काढून ओढलं, पुन्हा ठेवून ओढलं. माझं रबर फाटतंय की काय असं मला वाटलं.

“पड रे तू,” शेवटी ते भावाला म्हणाले. “कुठे जायचं नाही.”

“म्हणजे नळी राहू दे?”

“राहू दे म्हणतोय ना मी!” नळीची कल्पना जणू त्यांचीच होती.

कपड्यांची पिशवी पुन्हा रिकामी झाली. दारात उभ्या असलेल्या नर्सने बाईंना विचारलं, “ही बाटली इथेच ठेवता का? आम्ही सांगून सांगून थकतो हो.” बाई हो म्हणाल्या, आणि मला कुणी विचारलंच नाही.

पुढे बुडबुडे थांबले आणि डॉक्टरांनी नळी काढली. मी जवळच्या स्टुलावर होते. “आता घ्या मोठा श्वास,” डॉक्टर म्हणाले. वडिलांनी डोळे मिटले आणि भीतभीत श्वास घेतला. छाती वर आली. ज्याचं सोंग मी इतके दिवस घेत होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगते, ते माझ्यासारखं मुळीच दिसत नव्हतं. ना नळी, ना लाल फुगे, ना कुणी खाली ओढत होतं. मग मी नेमकं काय शिकवलं? मला काही उमगेना. घुमीने वडिलांच्या छातीवर हात ठेवला होता आणि तो हात वर जात होता, खाली येत होता. तिच्या काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

आता मी नर्सच्या टेबलावर असते. कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी आई तावातावाने येते आणि मग हाक होते, “ती आणा.” माझं रबर चिकट होत चाललंय, एक फुगा झिजलाय, फार दिवस निघतील असं वाटत नाही. एवढीच विनवणी आहे की माझ्या भोकाला चिकटपट्टी लावू नका आणि रबर जरा हळू ओढा. समोर बसलेल्या माणसाला कळेपर्यंत मला टिकायचंय. मला स्वतःला नाही कळलं तरी चालेल.