जिवली नावाची रिकामी की

"सर, काँप्युटर खोटं बोलतो का?"

हा प्रश्न विचारायची पैज रविनाला तिच्या मैत्रिणींनी लावली होती. "विचारून दाखव, नायतर तुझा डबा आमचा!" नववीतली रविना नुकतीच वक्तृत्वात पहिली आलेली, ती कशाला घाबरते! उठली आणि भरवर्गात विचारून मोकळी झाली. भोईर सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही नजरा सारख्याच संशयाच्या.

होय मित्रांनो, तो काँप्युटर म्हणजे मीच! मुरबाडच्या एका शाळेतला जुना, एकुलता एक काँप्युटर. मी आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. माझी पूजा झाली, मला हार घातला, आणि हारातल्या मुंग्या थेट माझ्या पोटात शिरल्या. शिवणाच्या बाईंनी मला फुलाफुलांचं झाकण शिवलं. मग कौतुक आटलं. मी पिवळा पडलो. काही बिघडलं की एकच प्रश्न उरला, "शेवटी कोण बसलं होतं?"

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडेना. सुट्टीआधी शेवटी बसली होती जिवली. सिद्धगडाखालच्या वाडीतली, वसतिगृहात राहणारी, बोलायला लाजरी पण टायपिंगला वाऱ्यासारखी. सर म्हणाले, "तूच काढलास. खरं सांग, नाहीतर परत काँप्युटरला हात लावायचा नाही." टायपिंगची परीक्षा तर तोंडावर आलेली!

"मी नाय काडला, सर," जिवली एवढंच म्हणाली.

आता माझ्या पोटातलं एक गुपित सांगतो. तिथं रजिस्ट्री नावाची जागा असते. माझ्यात राहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची तिथं एक 'की' असते, म्हणजे त्याच्या नावाचा कप्पा. कीबोर्डवरची नव्हे हं! रविना आधी तिथंच शोधत बसली होती. प्रोग्राम रीतसर काढला तर त्याची कीसुद्धा जाते. पण रजिस्ट्रीत हात घालायला सर घाबरत. म्हणून त्यांनी रविनाकडून मासिकातली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मला द्यायच्या हुकमांची यादी, टाइप करून घेतली. ती मला नुसतं विचारणार होती, टायपिंगची की आहे का?

माझ्या पडद्यावर उत्तर उमटलं, "नाय." (तो शब्द रविनानंच तसा लिहिला होता.)

झालं! वर्गभर कुजबुज. "बघ गो, काँप्युटरच सांगतोय." रविनाच्या आईनंही घरी बजावलं, "तिच्याशेजारी बसू नको, उद्या तुझं नाव येल." रविनानं हे माझ्यासमोरच मैत्रिणींना सांगितलं आणि बाक बदलला. मला खरं माहीत होतं. पण मित्रांनो, मला जेवढं विचारतात तेवढंच मी सांगू शकतो.

आणि मग तो पैजेचा प्रश्न आला. सर म्हणाले, "काँप्युटर कशाला खोटं बोलेल? माणसं बोलतात."

"मग तपासू या ना, सर!"

"तपास. मी मागं उभा आहे. भलतीकडं क्लिक केलंस तर बघ!"

उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न मला विचारून बघायला रविनानं माझ्या रजिस्ट्रीत स्वतःच्या हातानं एक नवी की बनवली. आत काहीच लिहिलं नाही. नाव दिलं, जिवली. मग त्याच स्क्रिप्टनं मला विचारलं, जिवली आहे का?

मी म्हणालो, "नाय."

मागच्या बाकावरून जिवली उठली. "आँ? मी तर हितंच हाय!"

सगळा वर्ग खो खो हसला, सरसुद्धा! रविना मात्र हसली नाही. तिनं स्क्रिप्ट परत वाचली. स्क्रिप्ट की आहे का हे विचारतच नव्हती. कीच्या आत पहिल्या जागी काय लिहिलंय ते विचारत होती, आणि जागा रिकामी दिसली की कीच नाही म्हणत होती. रविनानं प्रश्न बदलला. ज्या मोठ्या कीत ह्या सगळ्या की असतात, त्या वरच्या कीला विचारलं, तुझ्या पोटात कोण कोण आहे? मी भराभर नावं सांगितली. त्यात जिवली होती. टायपिंगही होतं!

टायपिंगच्या कीत पुढे प्रोग्रामचा पत्ता होता, म्हणजे तो कुठल्या फोल्डरमध्ये राहतो ते. सरांनी तो वाचला आणि त्यांचा हात डोक्याकडे गेला. सुट्टीत प्रश्नपत्रिकांना जागा करताना तो फोल्डर त्यांनीच दुसरीकडे हलवला होता! फोल्डर परत जागेवर ठेवला, टायपिंग उघडलं.

"ये गो जिवले, बस," सर हळूच म्हणाले.

मित्रांनो, माझी धूळ पुसत जा, मुंग्या लागू देऊ नका. पण त्याहून मोठी विनंती अशी, की मला विचारताना नीट विचारा. माझ्या एका 'नाय'मुळे एक पोरगी वर्गात एकटी पडली होती.

शनिवारी पालकसभेला रविनाचे आईबाबा आले. बाबांची भातगिरणी आहे. रविनाकडून सगळी हकीकत ऐकून त्यांनी मला वरून खालून न्याहाळलं. "रजिस्ट्री तर तहसीलात होते ना गो? ह्याच्यात कशी?"

"बाबा, रिकामी गोण असली तर गोणच नाय म्हणाल का?"

"असं कसं? रिकामी झाली तरी गोण ती गोणच!"

"तेच झालं!"

आई मात्र अजून संशयानं बघत होती. "ते खरं, पण ती पोरगी..."

रविनानं जिवलीची खुर्ची माझ्यासमोर ओढली, शेजारी आपली लावली.

"आई, बाबा, मी आजपासून परत जिवलीशेजारीच बसणार. विचारत नाय, सांगतेय."