बांधापलीकडची आई

शालूचे डोळे साऱ्या घराच्या कामाचे होते. आजीच्या सुईत दोरा ओवायचा तो शालूनं, डाळीतले खडे निवडायचे ते शालूनं, आणि वेचून आणलेल्या कापसातली पानाची बारीक चुरी दिसायची तीही शालूलाच. आजी, म्हणजे पार्वताबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या पोट्टीची नजर म्हंजे घारीची नजर हाय बाप्पा!"

म्हणूनच पातूरच्या आत्यासमोर त्या दिवशी जे झालं, ते कुणाच्याच पचनी पडेना.

आत्या माणिकबाई बैल जुंपलेल्या छोट्या दमणीतून वेशीपाशी उतरली आणि पायी घराकडे आली. लांबूनच तिला ओट्यावर बसलेली भाची दिसली. माणिकबाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भाचीसाठी तिचा जीव टांगलेला असायचा. तिनं हसून हात हलवला. शालूनं मान वर केली, तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि पुन्हा आपली भातुकली मांडायला लागली. ना उठली, ना राम राम केला.

"डोयात डोया घालून मान फिरवली वं तिनं!" माणिकबाई आत येऊन आईला म्हणाली. "मी काय भीक मांगाले आली होती?"

"एकुलती एक हाय, म्हून डोक्यावर बसली," पार्वताबाईनं सुनेकडे पाहत म्हटलं. "आई बोलत नाई तं पोरगी कावून आयकन?"

सून कौसल्या चुलीपुढं भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

दोघी मायलेकींनी तिथंच ठरवून टाकलं. कापूस अमरावतीला निघायच्या सुमारास माणिकबाईनं पुन्हा यायचं आणि शालूला पातूरला घेऊन जायचं. वर्ष-दोन वर्षं आत्याजवळ राहिली की वळण लागेल. शालूचा बाप सूर्यभान तेव्हा कापसाच्या नादात होता. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती आणि त्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला कधी नव्हे तो भाव आला होता. बहीण काय म्हणते ते त्यानं अर्धंच ऐकलं आणि मान हलवली.

कौसल्या भांडली असती. पण तिच्याही मनात एक काटा सलत होता, आणि तो तिनं कुणाला दाखवला नव्हता. ती वावरात वेचणीला असली की शालू दुपारची भाकर घेऊन यायची. बांधावर पोर दिसली की कौसल्या कापसातून ताठ उभी राहायची, हात हलवायची, हसायची. शालू तिच्याकडे पाहायची आणि तोंड कोरं ते कोरंच. कधी कधी तर ती चालत चालत भलत्याच बाईपुढं जाऊन उभी राहायची. बाया हसायच्या, "कौसल्या, तुह्या पोरीले आई बदलून पायजे वाटते!" कौसल्याही त्यांच्याबरोबर हसायची. रात्री मात्र शालू तिच्या कुशीत शिरून तिच्या गळ्यातल्या पोतीचा एकेक मणी बोटानं मोजायची, तेव्हा कौसल्याला वाटायचं, हीच पोर दुपारी मला परकी कशी होते?

शेवटची वेचणी चालू होती. शालू बांधावर बसून आईची वाट पाहत होती. हातात कापसाच्या पऱ्हाटीचं एक पान होतं, अळीनं खाऊन बारीक बारीक भोकं पाडलेलं. खेळता खेळता तिनं ते डोळ्याला लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मग उठली आणि पान डोळ्याला तसंच धरून धावत सुटली. ढेकळांवर दोनदा आपटली, तरी पान सोडलं नाही.

"आई! आई वं!"

"काय झालं? इचू चावला का?"

"आई, तू तठूनही हसते?"

कौसल्याला काही उमगेना. "कोठून?"

"बांधावून पाहलं तं हसून राहिली होती तू. मले वाटे, तू जवय आल्यावरच हसते."

कौसल्या खाली बसली. कापसाची ओटी मांडीवरून सांडली, तिकडं तिचं लक्ष गेलं नाही. तिनं पोरीला विचारून घेतलं, पान न लावता बांधावरून काय दिसतं ते. शालूनं सरळ सांगितलं. लुगड्याचा रंग दिसतो. बाई आहे की गडी ते कळतं. तोंडाच्या जागी भुरकं भुरकं असतं.

"मंग सांगितलं कावून नाई माय?"

"मले वाटे, साऱ्यायलेच तसं दिसते."

पोरीला आणखी काय सांगता आलं असतं?

घरी गेल्या गेल्या कौसल्यानं सांगितलं, पोरीला लांबचं दिसत नाही. पार्वताबाई आधी घाबरली, मग चिडली. "भरल्या घरात काय वंगाय बोलते!" म्हणून तिनं सुई पुढं केली. शालूनं एका झटक्यात दोरा ओवला. सूर्यभान खो-खो हसला. "हे घे! हिले दिसत नाई म्हंते!" साऱ्या गावात डोळा पारखायचा तो सुईनंच, आणि सुई तर ओवली गेली होती. कौसल्यानं पान आणून दाखवलं. पार्वताबाईनं ते स्वतःच्या डोळ्याला लावलं. "मले तं मेलं काईच वेगयं दिसत नाई," ती म्हणाली, आणि पान चुलीत गेलं.

गाड्या भरायच्या आदल्या दिवशी माणिकबाई पातूरहून आली. शालूचं गाठोडं आजीनं बांधूनच ठेवलं होतं. कौसल्या वावरात आहे कळल्यावर माणिकबाई तिला सांगायला म्हणून वावरात गेली. कौसल्या तेव्हा विहिरीवर पाणी प्यायला गेली होती. माणिकबाई पऱ्हाट्यांत उभी राहून इकडं तिकडं पाहत होती. अंगावर लाल लुगडं होतं, कौसल्या नेसली होती तसंच. दिवाळीला सूर्यभानानं बायकोला आणि बहिणीला सारखंच घेतलं होतं, नणंद-भावजयीत कमी-जास्त नको म्हणून.

कौसल्यानं विहिरीवरून पाहिलं. शालू बांधावरून आली. लाल लुगडं पाहून धावली. धावत जाऊन तिनं थेट माणिकबाईच्या कमरेला मिठी घातली आणि तिच्या पोटात तोंड खुपसलं.

"आई, मले नको धाडू वं आत्याकडे," शालू म्हणाली. "आत्या मले पाहून रागावते. मी काईच नाई केलं. मले ते दिसलीच नाई."

कौसल्यानं पाण्याची चरवी विहिरीवरच टाकली. ती पळत सुटली.

माणिकबाईनं पोरीला बाजूला सारायला हात उचलला होता. तो हवेतच थांबला, मग हळूच पोरीच्या डोक्यावर आला. तिनं खाली वाकून शालूची हनुवटी धरली.

"पाह्य बरं माह्या तोंडाकडे. कोन हाय मी?"

शालूनं पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "आत्या..."

"तुही आई समजली मले?"

शालूनं मान हलवली. आता मार बसणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

तोवर कौसल्या येऊन पोचली. "बाई, तिच्यावर नका रागावू. मी सांगत होती..."

"तू गप्प राय," माणिकबाई म्हणाली. ती पाठमोरी होऊन बांधापर्यंत चालत गेली आणि तिथून वळली. "शालू! मी हसून राहिली का रडून राहिली?"

शालूनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली. "दिसत नाई आत्या."

कौसल्यानं चटकन एक किडकं पान तोडून पोरीच्या हातात दिलं. शालूनं ते डोळ्याला लावलं, जरा इकडं तिकडं सरकवलं.

"आत्या, तुमी तं रडून राहिल्या!"

माणिकबाई तिथंच बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावला. कौसल्या जवळ गेली तशी ती म्हणाली, "लेकराले दिसत नाई, आन मी मनात अढी धरून बसली. गाठोडं सोड तिचं. उद्या गाडीत कापसावर बसवू तिले. अमरावतीले चश्मेवाला बसते, त्याच्यापाशी इलाज आसन याचा."

पार्वताबाईनं कुरकुर करून पाहिली. "पोरीच्या तोंडावर चश्मा? लोकं काय म्हनतीन? पुढं तिले सून करन कोन?" पण आता लेक आणि सून एकीकडं होत्या. सूर्यभान बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करायच्या म्हणत होता, त्याला कौसल्यानं पहिल्यांदा साऱ्यांदेखत ऐकवलं, "बैलाच्या शिंगाले चांदी लावता, तं पोरीच्या डोयाले काच लागू द्या." सूर्यभान ओशाळून हसला आणि गाडीवर पोरीसाठी घोंगडी टाकली.

अमरावतीच्या कापूसबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडं तिकडं गाड्या, बैल आणि पांढरे ढीग. एका कडुलिंबाखाली अकोल्याचा रऊफ चश्मेवाला पेटी उघडून बसला होता. हंगामात तो इथंच असायचा. दलाल, मुनीम, म्हातारे सावकार हे त्याचं गिऱ्हाईक.

सूर्यभानानं पेटीतला सगळ्यात चकचकीत चष्मा उचलला आणि पोरीच्या नाकावर बसवला. शालूनं समोर पाहिलं.

"सारं आणखीनच भुरकं झालं, बाबा."

माणिकबाईनं कौसल्याचा हात घट्ट धरला.

"उतरवा, उतरवा," रऊफ हसून म्हणाला. "हे ऐनक बुढ्या लोकायचे. त्यायले जवयचं दिसत नाई. बेटी, तुले काय दिसत नाई?"

"लांबचं," कौसल्याच बोलली. एरवी परक्या माणसापुढं ती बोलली नसती. सुई, बांध, भुरकं तोंड, किडकं पान, सगळं तिनं एका दमात सांगितलं. पानाचं ऐकून रऊफची मान कौतुकानं डोलली.

"बारीक भोकातून पाहलं तं नजर जमा होते. म्हून दिसलं तिले. बुढ्यायचं आन हिचं उलटं हाय बाई." त्यानं पेटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेला एक चष्मा काढला. "एका साहेबाच्या सामानात आला होता. कोनी घेत नाई. हात लावून पाहा, काच मधात दबलेली हाय."

चष्मा मोठ्या माणसाचा होता, पोरीच्या नाकावरून घसरायला लागला. रऊफनं काड्यांना सुतळी बांधून तो तिच्या डोक्यामागं आवळला आणि बाजाराच्या पार टोकाच्या ढिगाकडं बोट केलं.

"तठी काय हाय?"

शालूनं चष्मा दोन्ही हातांनी धरला आणि मान इकडून तिकडं फिरवली. कौसल्याला वाटलं, हाही नाही. मग ती म्हणाली, "एक माणूस कापसावर झोपला हाय. त्याच्या मिशीले कापूस लागला. आन तो तोंड उघडून घोरून राहिला."

"अरे, तो आपला दलाल!" सूर्यभान ओरडला, आणि सगळेच हसले. माणिकबाई हसता हसता पुन्हा रडली.

कौसल्या मात्र हळूच विचारत होती, "चाचा, माह्यं काई चुकलं का? पोटात होती तवा काई खाल्लं, काई पाहलं..."

"नाई बेटी. कोनी उंच होते, कोनी ठेंगनं राह्यते, तशीच नजर. डोयात मध नको, झाडपाल्याचा रस नको. पोट्टी वाढन तशी नजर बदलन, तवा चश्मा बदला लागन. यानं सारंच दिसन असं नाई, पन बरंच दिसन."

परतीच्या वाटेवर रिकाम्या गाडीत शालू उभीच होती. ते काय, हे काय, तो कोणता पक्षी, त्या बाईच्या डोक्यावरच्या टोपल्यात काय. माणिकबाई दमून म्हणाली, "हे पोट्टी राम राम बी करत नाई म्हनत होतो का वं आमी?"

घरी पार्वताबाईनं आधी दुरूनच चष्म्याकडं पाहिलं. मग कुणी बघत नाहीसं पाहून तो स्वतः लावला. "काईच तं दिसत नाई यात! फसवलं तुमाले!"

"आजी, ते माह्यासाठी हाय," शालू म्हणाली आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाई दमणीत बसली ती एकटीच. "लेकरू तुह्यापाशीच शोभते," ती कौसल्याला म्हणाली. "वळण तं मलेच लावा लागन, न इचारता राग धरते मी. संक्रांतीले दोघी या." दमणी वेशीबाहेर पडली, ओढा उतरली, पलीकडच्या चढावर चढली. शालू ओट्यावर उभी राहून पाहतच होती.

"शालू, चाल, पानी गरम झालं! आंघोय कर!" कौसल्यानं अंगणातून हाक मारली.

शालूनं दमणीवरची नजर काढली नाही.

"शालू! आता येतेस का मी येऊ?" तिनं कमरेवर हात ठेवले आणि भुवया चढवल्या.

शालूनं वळून पाहिलं. अंगणाच्या त्या टोकाला उभ्या आईचा चेहरा तिनं काचेतून नीट निरखला, राग खरा नाही हे ओळखलं, आणि पुन्हा दमणीकडं तोंड केलं.