दोघींचा थायरॉइड

“अहो, पळवा की गाडी! ही मला ओळखेना झालीय!” थोरली जाऊ ड्रायव्हरवर खेकसली. धाकटीचं डोकं तिच्या मांडीवर, अंग तव्यासारखं तापलेलं, छाती नुसती धडधडत होती. तोंडाने मात्र “काजं राहिली, बटणं राहिली” हे चालूच.

दोघी मिळून शिवणाचं दुकान चालवायच्या. थोरली कापायची, धाकटी शिवायची. आणि काय शिवायची! अख्खा बाजार तिला ‘सुसाट’ म्हणायचा. थायरॉइड दोघींनाही. पंधरवड्यापूर्वी धाकटीच्या गोळ्या संपल्या, नेमकी गणवेशांची ऑर्डर अंगावर आलेली. दवाखान्यात जायला सवड कुणाला? तेव्हा थोरलीनेच आपली बाटली पुढे केली होती. “घे गं. तुलाही थायरॉइड, मलाही थायरॉइड. घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं?”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली मात्र, त्यांचा आवाजच चढला. “थायरॉइड आहे ना हिला? गोळ्या चालू आहेत?”

“रोज घेते,” मागोमाग धावत आलेला दीर, धाकटीचा नवरा, म्हणाला. “माझ्यासमोर घेते.”

थोरलीला आपली बाटली आठवली. बोलावं, तर दिराच्या मनातून कायमची उतरणार. न बोलावं, तर... छे, छे! “माझ्या गोळ्या घेते ती! मी दिल्या!”

थोरलीने पिशवीतली बाटली काढून बाईंच्या हातात दिली.

“अहो, तुमची ग्रंथी मंद, हिची भलतीच जोरात! तुमची गोळी म्हणजे हिला आगीत तेल! त्यात हिची स्वतःची गोळी बंद, वर घसा सुजलेला. अशाने जिवावर बेततं!” बोलता बोलता बाईंनी सलाईन, इंजेक्शन, सगळ्यांना कामाला लावलं. “गोळी मनाने थांबवायची नाही, दुसऱ्याची घ्यायची नाही, आणि ताप आला की तडक इकडे यायचं! पण बोललात ते फार बरं केलंत.”

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तोवर दीर थोरलीशी चकार शब्द बोलला नव्हता. ती बिचारी वॉर्डच्या दारातच उभी, आत यायचा धीर होईना.

धाकटीने डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि काय ते ओळखलं. “ताईंना काही बोलू नका हं,” ती पुटपुटली. “मीच गुपचूप घेतल्या त्यांच्या बाटलीतून.”

“खोटारडी!” थोरली दारातूनच कडाडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “मरता मरता वाचलीस, नि उठल्या उठल्या थापा? मीच दिल्या! माझ्या हाताने दिल्या!”

दीर एकदा बायकोकडे, एकदा वहिनीकडे बघत राहिला. खाटेजवळ स्टूल एकच होतं, त्यावर तोच बसला होता. तो उठला आणि ते स्टूल त्याने बाहीने पुसलं.

“वहिनी, बसा,” तो म्हणाला. “किती वेळ उभ्या राहणार?”