गिताबाईचा विरोध

लांडग्यानं गिताबाईची दोन मेंढरं मारली, ही बातमी मारुतरावांना न्हावऱ्याच्या डेअरीवर कळली. ते तशीच मोटारसायकल वळवून निमोण्याजवळच्या वाडीत तिच्या दारात आले.

मारुतराव माजी सरपंच. बिबट्यानं उसातून येऊन त्यांची वासरं नेली, तेव्हापासून ते ग्रामसभेत एक ठराव आणायच्या मागं होते. बिबट्या आणि लांडगा, दोघांनाही वन्यजीव कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या यादीतून काढा, म्हणजे मारायला मोकळीक मिळेल.

"ठरावाच्या अर्जावर पहिला अंगठा तुमचा पायजे, गिताबाई," ते म्हणाले. "धनगराची तक्रार म्हटल्यावर वरचे साहेब ऐकत्यात."

गिताबाई एका जखमी मेंढीला हळद लावत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बिबट्याचं खरं हाय आप्पा. उसात पोरंबाळं हायती, त्याचं तुम्ही बघा. पन लांडगा कशाला त्यात?"

"जनावर ते जनावर."

"न्हाई. त्यो माळावरच व्हता, आमी त्याच्या माळावर गेलो. त्या दिशी कुत्री घरी बांधून ठिवली, ती मी. माझ्या चुकीपायी त्याचा जीव मागू व्हय?"

मारुतरावांनी मोटारसायकलला किक मारली आणि ते निघून गेले. नवरा मल्हारी मात्र चिडला. "दे की अंगठा! त्यांच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवतो आपन, त्याचं धान्य मिळतं. उद्या नगं म्हनले तर कुठं जायचं?"

"जाऊ कुठं बी," गिताबाई म्हणाली.

ग्रामसभा भर दुपारी देवळाच्या मंडपात भरली. ग्रामसेवक सत्यजीत यांनी ठराव वाचला. भराभर हात वर झाले. मल्हारीचाही झाला.

गिताबाई उठली. "माझा हात न्हाई. लिव्हा."

"बहुमत झालंय, बाई. एकटीचं काय लिहायचं?" सत्यजीत म्हणाले.

"लांडग्याची वकील!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मंडप हसला.

ती मागं वळली. "मेंढरं माझी गेली. आता हात वर केलेल्यांनी सांगा, लांडग्यानं तुमचं काय नेलं? एकानं तरी सांगा."

ती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. मल्हारीचा अजून वरच राहिलेला हात आपसूक खाली आला.

"बिबट्याच्या रागात त्याला कशाला ओढता? बिबट्याचा येगळा ठराव करा, पयला अंगठा माझा."

"ठराव झालाय," मारुतराव म्हणाले.

"मग माझा विरोध बी होऊ द्या." तिनं पदर खोचला आणि टेबलासमोर फरशीवर बसली. "लिव्हल्याबिगर उठत न्हाई."

तेवढ्यात तिची सून प्रगती, बारावी झालेली, पुढं झाली. "साहेब, विरोध असला तर तोही लिहायला पाहिजे ना?"

सत्यजीत यांनी मारुतरावांकडं पाहिलं, मग लिहिलं. प्रगतीनं वाचून दाखवलं, "एका महिलेचा विरोध."

"एक महिला कोन? नाव टाका. गिताबाई मल्हारी कोळपे."

नाव पडलं. खाली अंगठा उठवून ती घरी गेली.

ठराव लांडग्यासकट तालुक्याला गेला. आठवड्यात मारुतरावांनी आपलं रान दुसऱ्या कळपाला दिलं. खताच्या बदल्यात मिळणारं धान्य तुटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मल्हारीनंच घोड्यावर बिऱ्हाड लादलं.

"मी हात वर करायला नगं व्हता," वाटेत तो एवढंच म्हणाला.

भीमा नदी ओलांडून ती दोघं कळपासकट दौंडच्या बाजूला उतरली. तिथं सगुणाबाई नावाच्या म्हातारीचं कांदा काढलेलं रान मोकळं पडलं होतं. गिताबाईनं बांधावरूनच सांगून टाकलं, "लांडग्याच्या ठरावाला आडवी गेलेली ती मीच. चालत नसंल तर आत्ताच सांगा, आमी म्होरं जातो."

सगुणाबाईनं तिला खालवर न्याहाळलं. "मला लेंडीखताशी मतलब. किती रोज बसवतीस?"

"म्हनाल तितकं."

गिताबाईनं मागं वळून मल्हारीला हाळी दिली, आणि मेंढरं बांध उतरून रानात पसरली.