वेतवालीची खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने खुनशी आहे. इतर वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात, तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. माझ्या मागच्या पायाला एक खिळा आहे. त्याने आजवर ज्यांचे कपडे फाडले, त्यांच्याबद्दल मला काडीचेही वाईट वाटत नाही.

मोडीत निघालेल्या एका दाराच्या लाकडातून माझा जन्म झाला. मला घडवले एका मिस्त्रीने आणि विणले त्याच्या बायकोने. पुढच्या खोलीत त्यांचे खुर्च्या दुरुस्तीचे दुकान, मागच्या खोलीत संसार. लाकडाचे काम त्याचे, वेताचे तिचे. ती वेताच्या पट्ट्या घमेल्यात भिजत घाली. त्या मऊ झाल्या की चौकटीच्या भोकांतून ओवी, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि खालच्या अंगाला गाठी मारी. तिने विणलेल्या बैठकीवर टिचकी मारली तर ती वाजे, इतकी ताठ. गल्लीत सगळे तिला वेतवाली म्हणत. दुकानातल्या खुर्च्या येत आणि जात, मी मात्र तिची स्वतःची होते. दुपारी हातातले काम संपले की ती माझ्यात पाय वर घेऊन बसे आणि मिस्त्रीच्या रंधा मारण्याला नावे ठेवी. तोही ऐकून घेई.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झाले, केस गेले, परत आले, काही वर्षे बरी गेली. नंतर कंबर दुखू लागली, आणि कॅन्सर हाडांत आणि यकृतात पसरल्याचे कळले. डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "हा आता बरा व्हायचा नाही. पण त्यांना कमीत कमी दुखेल एवढं आपल्या हातात आहे."

मिस्त्रीने तेवढे शेवटचे वाक्य घट्ट धरले. न्हाणीत आणि पलंगाशी तिला धरायला दांडे बसवले आणि ते इतके घासले की त्यांवरून हात घसरेल म्हणून पुन्हा थोडे खरबरीत केले. तिच्या गुडघ्यांच्या मापाचे अंघोळीचे स्टूल केले. औषध चाटवणे, तोंड आले की चुळा भरायला देणे, काखेत हात घालून उठवणे, सगळे तो शिकला. मला त्याने पलंगाला लागून ठेवले. माझ्यात बसून तो तिला चमच्याने पेज भरवी.

मग भेटायला माणसे येऊ लागली, आणि मित्रांनो, माझा खुनशीपणा खरा तेव्हा सुरू झाला. कारण जो येई तो सरळ माझ्यात बसे. कोणी म्हणे, "किती वाळलीस गं." कोणी आपल्या ओळखीत असेच दुखणे झालेल्या बाईची गोष्ट सांगे, आणि ती गोष्ट जिथे संपायची तिथेच संपे. एक शेजारी अमुक पाल्याचा रस देऊन बघा म्हणून तासभर बसला. त्याच्या विजारीला माझ्या खिळ्याने चांगला हातभर प्रसाद दिला.

पण या सगळ्यांत मोठी होती थोरली. मिस्त्रीच्या मोठ्या भावाची बायको. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते, त्यामुळे तिच्यासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटे. एके दिवशी ती आली, माझ्यात ऐसपैस बसली, आणि पलंगावर डोळे मिटून पडलेल्या वेतवालीकडे पाहून म्हणाली, "औषधाच्या गुंगीत आहे वाटतं. बरं झालं. भावजी, स्पष्ट बोलते. तुम्ही अजून पन्नाशीचेही नाही. माझ्या मावसबहिणीची नणंद आहे, एकटीच असते. आत्ताच कानावर घालून ठेवते, मागाहून धावपळ नको."

मिस्त्री चहाचा कप हातात धरून उभा राहिला. काही बोलला नाही. मी वाट पाहिली. तो खरेच काही बोलला नाही.

वेतवाली गुंगीत नव्हती. तिच्या मिटलेल्या पापणीतून पाणी कानाकडे गेले, ते मी पाहिले. त्या क्षणी मला माझे चारही पाय थोरलीच्या पावलांवर रोवावेसे वाटले. पण खुर्चीला आपणहून काही करता येत नाही. करणारे माणूस लागते.

ते माणूस पलंगावरच होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुकानात रंधा मारत असताना वेतवालीने कुशीवर वळून हात माझ्या बैठकीखाली घातला. उशीखालून नेलकटर काढले आणि चाचपून एक गाठ कापली. दमली, झोपली. मग रोज थोड्या. बैठक वरून जशीच्या तशी दिसावी आणि वजन पडले की जावी, यासाठी कुठली गाठ तोडायची आणि कुठली ठेवायची, हे विणणारीलाच ठाऊक. स्वतःची आतडी कोणी कापत असताना इतकी खूश झालेली खुर्ची तुम्ही पाहिली नसेल.

"अहो, तुम्ही खुर्चीत नका बसू," ती मिस्त्रीला म्हणाली. "पलंगावरच बसा, जवळ." तो बिचारा तेवढ्यानेच हरखला. तेव्हापासून तो तिच्या उशाशी बसून भरवू लागला.

थोरली आली ती नवऱ्याला घेऊन. पिशवी बाजूला ठेवून ती माझ्यात बसली आणि म्हणाली, "हं, तर भावजी, मागच्या वेळी मी..."

पुढचे वाक्य माझ्या चौकटीतून खाली गेले, तिच्यासकट. गुडघे हनुवटीला, चपला हवेत. तिचा नवरा एका हाताला, मिस्त्री दुसऱ्या हाताला, असे दोघांनी ओढून तिला काढले. मी शेवटपर्यंत सोडत नव्हते.

वेतवालीने डोळे उघडले. "जाऊबाई, लागलं का हो? त्या दिवशी मी गुंगीत नव्हते."

"अगं, मी तुझ्याच नवऱ्याच्या भल्यासाठी..." थोरली कशीबशी म्हणाली.

"माझ्या मागे बघा त्यांचं भलं. मी अजून आहे."

ते दोघे गेल्यावर मिस्त्रीने मला उलटे केले. कापलेल्या गाठी पाहिल्या आणि तिच्याकडे पाहिले. तिने उशीखालून नेलकटर काढून दाखवले. मग दोघे हसू लागले. हसताना तिच्या बरगड्या दुखत, म्हणून तो तिच्या कुशीला उशी दाबून धरून हसत होता. हसता हसताच तिने विचारले, "त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात?"

तो खाली बघून म्हणाला, "वहिनीपुढे माझं तोंडच उघडत नाही. मला लाज वाटते त्याची."

"हात तरी चालतात ना? मग ही विणा. मला माझ्या खुर्चीत बसायचंय. आता आणखी कोणी नको तिच्यात."

मिस्त्रीने जन्मात वेत विणला नव्हता. ती पडल्या पडल्या सांगे आणि बोटाने ताण तपासे. "फार ओढलंत, सोडा." "तिरकी उलटी गेली, उसवा." सांगता सांगता तिला झोप लागे. मग तो पट्ट्या वाळून तुटू नयेत म्हणून त्यांवर पाणी शिंपडत तिच्या जागे होण्याची वाट पाही. माझी ती बैठक वाकडीतिकडी झाली आहे. आजवर मला मिळालेली तीच सगळ्यात चांगली.

त्याने तिला उचलून माझ्यात बसवले, खाली गोधडीची घडी, पाठीला उशी. वजन म्हणावे तर काहीच नव्हते. त्याच आठवड्यात थोरली आली. तिने बसायला जागा पाहिली. पलंगावर चादरी बदलायच्या होत्या, आणि माझ्यात वेतवाली होती, पाय वर घेऊन. एरवी मिस्त्री धावत जाऊन पुढून काहीतरी आणायचा. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांची रांग लागली होती. तो हलला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून तिच्या मागे उभा राहिला. थोरली या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिली, नातीच्या परीक्षेचे काहीतरी बोलली, त्या नणंदेचा विषय काढला नाही, आणि निघून गेली. वेतवालीने मान मागे टाकली आणि त्याच्या हाताला टेकवली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. जितकी राहिली, तितकी दुपारी माझ्यात बसली आणि त्याच्या रंधा मारण्याला नावे ठेवली. ती गेली तेव्हा थोरली रडली. खरेच रडली. मी तिला माफ केलेले नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. लाकूड आहे, जाईल. पण आजारी माणसाला भेटायला गेलात, तर बसण्याआधी त्यालाच विचारा. ते डोळे मिटून पडले असेल, तरी त्याच्यासमोर त्याच्यामागच्या गोष्टी बोलू नका. आणि बोलायच्याच असतील, तर एक लक्षात ठेवा. खुर्चीच्या गाठी खालच्या अंगाला असतात. पलंगावरून तिथवर हात पोचतो, बसणाऱ्याला त्या दिसत नाहीत.