चौकातला गोग्रास

दान करणाऱ्याला पुण्य लाभते, हे खरेच. परंतु त्या दानाचा भार कुणा तिसऱ्याच्या अंगावर पडत असेल, तर ते पुण्य कोणाच्या पदरी धरावे, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाला विचारावयाचे असते. रत्नप्रभाबाई निमकरांना हा प्रश्न पडला तो नगर निगमाच्या निवडणुकीला उभ्या असताना. म्हणजे ज्या दिवसांत माणसाला प्रश्न पडणे परवडत नाही.

त्यांचे यजमान वसंतराव बँकेतून निवृत्त झाल्यावर उभयता जयपुरात, तिलक नगरातच राहिली होती. वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव झाला, तेव्हा शेजाऱ्यांनीच बाईंना गळ घातली. तुंबलेली गटारे, अंधारे रस्ते, उन्हाळ्यात आटणारे नळ यांविषयी त्यांची मते स्पष्ट होती, आणि ती ऐकून लोक माना डोलवीत.

एका दुपारी मते मागत त्या मागच्या गल्लीत कलावतीबाईंकडे गेल्या. कुटुंब नागपूरकडचे, बौद्ध. यजमान दशरथ रेल्वेत. आत खाटेवर त्यांची मुलगी उत्कर्षा पाय प्लास्टरमध्ये घालून पडली होती. सीतापुऱ्यातल्या कारखान्यात स्कूटरवरून जाताना, जवळच्याच चौकात चाऱ्यासाठी झुंजणाऱ्या वळूंनी तिला पाडले होते. त्या चौकात चारेवाल्या बायका बसत. भाविक माणसे सकाळी चारा विकत घेत आणि तिथेच, भर रस्त्यात, गाईंपुढे टाकीत.

कलावतीबाईंनी चहा दिला. गटारांचे, दिव्यांचे सारे निगुतीने ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "हे बरंच आहे जी ताई. पण चौकाचं काय? ते तुमच्या भाषणात येत नाही."

"गाईंचा विषय नाजूक आहे हो."

"अन् माझ्या पोरीचा पाय काय दगडाचा होता?"

"आई, राहू दे ना," उत्कर्षा आतून म्हणाली. "काकू, मतलब, तिचं मनावर नका घेऊ."

"गाईचा दोष नाही," कलावतीबाई आवाज न चढवता म्हणाल्या. "भुकेलं जनावर अन्नापाशीच येणार. पण अन्न तिथं टाकतं कोण? तुमचीही पोळी तिथंच पडते ना रोज?"

रत्नप्रभाबाईंना वडील आठवले. वाईला त्यांच्या माहेरी गोग्रास पानावर घेऊन वडील स्वतः गोठ्यात जात. गाईपर्यंत आपण चालत जावे, असे ते म्हणत. लग्नानंतर बदलीमागून बदली झाली, गोठा मागे राहिला. नेम तेवढा सुटला नाही. तो केव्हा रस्त्यावर येऊन पडला, हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते.

गोपाष्टमीला त्याच चौकात गोपूजन व्हायचे होते, आणि पहिल्या पूजेचा मान बाईंना मिळाला होता. प्रचाराचे काम पाहणारे माथुरजी आदल्या संध्याकाळी बजावून गेले, "भाभीजी, और कुछ भी कहिए, बस चौक की बात मत छेड़िए."

"बरोबर सांगतात ते," वसंतराव म्हणाले. "पूजा कर, हात जोड, घरी ये. काय बोलायचे ते निवडून आल्यावर बोल."

"आधी लपवायचे आणि मग बोलायचे, म्हणजे मते फसवून घ्यायची की हो."

"मग हरायची तयारी ठेव."

"तीच करते आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाईच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, आरती ओवाळली. मग पदर सावरून जमलेल्या स्त्रियांना म्हणाल्या की, या रस्त्यावर गाईला आपण बोलावले आहे. प्लास्टिक तिच्या पोटात जाते, गाड्या तिला ठोकरतात, आणि ती बुजली की माणसाचे हाड मोडते. मी निवडून आले, तर चाऱ्याची विक्री गोशाळेच्या दारी नेईन. आणि निवडून आले नाही, तरी माझी पोळी इथे पडणार नाही.

"चुनाव लड़ने आई हो, या हमें पाप लगाने?" एक वृद्धा कडाडली.

"पाप मलाच आधी लागले आहे, माँजी," बाई हात जोडून उत्तरल्या.

"और मेरी टोकरी?" चारेवाली भंवरीबाई उठून उभी राहिली. "वहाँ कौन आएगा लेने?"

"मी येईन. आज तुझ्याचकडून घेते. चलतेस गोशाळेपर्यंत?"

भंवरी हसली नाही. पण चाऱ्याची टोपली उचलायला वाकली. तिला ती एकटीला उचलेना. वसंतराव गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी टोपलीला हात दिला. मागून दोघी-तिघी शेजारणी निघाल्या. बाकीच्या तिथेच उभ्या राहिल्या. माथुरजींनी कपाळाला हात लावला. "गई सीट, भाभीजी!"

आणि जागा खरोखरच गेली. निकालाच्या दिवशी बाई थोड्या रडल्या, मनुष्यच त्या. चौकात चारा अजूनही पडतो, पूर्वीपेक्षा थोडा कमी. निकालाच्याच सायंकाळी कलावतीबाई आल्या; त्यांच्यासोबत, काठी टेकीत, उत्कर्षाही. जिना चढून आल्यामुळे तिला दम लागला होता. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि तिच्या मस्तकावर हात ठेवला.

त्या मुलीच्या पावलांत बळ येवो. भंवरीची टोपली रोज रिकामी होवो. ज्यांनी मते दिली त्यांचे, आणि ज्यांनी दिली नाहीत त्यांचेही, कल्याण असो.