अंड्यांच्या खाचेतली डबी

डबी फ्रिजच्या दारात होती, अंडी ठेवायच्या खाचांत. आमच्या घरात अंडी येत नाहीत, म्हणून ती जागा रिकामीच असायची. स्वानंदने तिथे डबी ठेवली तेव्हा मी एवढंच विचारलं, "सान्वीच्या हाताला लागणार नाही ना?"

"चार वर्षांची पोर तिथवर पोचते का? आणि झाकण बघ, मलाच उघडत नाही."

मी झाकण बघितलं आणि फ्रिज लावला. मी नेहमी सान्वीचंच बघते. गॅसचा नॉब, गॅलरीची जाळी, खालच्या मजल्यावरचा कुत्रा. या घरात धोका कुठून येऊ शकतो ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यात सासूबाई नव्हत्या.

डबीत पांढरी पावडर होती, माशांची. स्वानंद मेकॅनिकल इंजिनीअर. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला घरी बसवलं, आणि त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मोहने गावात मित्राच्या जागेत ताडपत्रीच्या चार टाक्या उभ्या केल्या. त्यात तिलापिया, बाजारात ज्याला चिलापी म्हणतात तो मासा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असणाऱ्या आमच्या डोंबिवलीच्या घरातला मुलगा मासे पाळतो, हे पचवायला सासूबाईंना सहा महिने लागले. मग "विकतोसच ना, खात तर नाहीस," असं म्हणून त्यांनी तोडगा काढला.

एकदा जेवताना त्यांनी धंद्याची चौकशी केली. स्वानंद म्हणाला, "चिलापीची कटकट मादीची आहे. अंडी तोंडात धरून बसते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही, मग वजन कसं वाढणार? नर झपाट्याने वाढतो. मादी नुसती जागा अडवते." हे तो ताटातून वर न बघता बोलला. सान्वी त्याच्या मांडीवर होती.

"मग सगळे नर आणणार कुठून?"

"बनवायचे."

सासूबाई तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना अर्धवट उत्तर चालत नाही. "बनवायचे म्हणजे काय रे?"

"हिला विचार ना. झूऑलॉजीवाली आहे."

पाच वर्षांत मला त्या घरात झूऑलॉजीतलं काही कुणी विचारलं नव्हतं. दूध उतू गेलं का, सान्वीची लस कधी आहे, एवढंच. मी सरसावून बसले. मासा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा रक्तात ठरलेलं असलं तरी शरीर अजून नर-मादी झालेलं नसतं, असं सांगितलं. पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून नराचं हार्मोन, म्हणजे त्या डबीतली पावडर, दिलं, की मादी व्हायची ती पिल्लंही नर होऊन बसतात. ताटातल्या आमटीत बोट बुडवून मी चित्रही काढून दाखवलं.

"कायमची?" सासूबाईंनी विचारलं.

"कायमची."

"आणि माणसांत?"

"माणसांतही पोटात पहिले सहा-सात आठवडे मुलगा-मुलगी सारखंच दिसतं, आई. मग हार्मोन काम सुरू करतात."

त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, चला, कुणीतरी मन लावून ऐकलं.

तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते. दोन महिन्यांनी गेले. सान्वीने ऐकल्याबरोबर ठरवून टाकलं, बहीण येणार. माझ्या पोटाला तोंड लावून ती हाक मारायची, "ए छोटी, मी ताई बोलतेय." मलाही मुलगीच हवी होती, पण ते मी कुणाला बोलले नव्हते.

मुलगा हवा, असं सासूबाईही कधी बोलल्या नाहीत. हे सांगायलाच हवं. सान्वी झाली तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे नाही, बर्फी वाटली, पण दोन किलो वाटली. तिला पहिला घास त्या स्वतःच्या ताटातला भरवतात. म्हणून नववा आठवडा लागल्यावर त्या रोज सकाळी शतावरी घातलेलं दूध माझ्या हातात द्यायला लागल्या, तेव्हा मला बरं वाटलं. आता लाज वाटते, पण वाटलं. कुणीतरी माझ्यासाठी ग्लास गार करून आणत होतं.

त्या रविवारी स्वानंद सकाळीच मोहन्याला गेलेला. सासूबाईंनी ग्लास टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. सान्वी खुर्चीवर चढली आणि दोन्ही हातांनी तो उचलला. सायीसाठी ती कुणाचंही दूध उचलते. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी तिच्या हातातून ग्लास असा हिसकावला की अर्धं दूध तिच्या फ्रॉकवर सांडलं.

"आजी, मला साय."

"ते तुझं नाही. मुलींनी नाही प्यायचं ते."

सान्वीचा ओठ थरथरायला लागला. त्या घरात तिला कुणी असं बोललेलं नव्हतं, सासूबाई तर नाहीच.

"मीही मुलगीच की, आई," मी म्हटलं.

"तुझी गोष्ट वेगळी आहे," असं म्हणून त्या फरशी पुसायला लागल्या. एकदा पुसली, परत पुसली. मग सान्वीला बेसिनपाशी नेऊन साबणाने हात धुतले. फ्रॉक काढून बादलीत टाकला. हे सगळं दुधासाठी.

मी फ्रिज उघडला. स्वानंदला न उघडणारं झाकण अंगठ्याने उघडलं. आत एक छोटा प्लास्टिकचा चमचा होता, सान्वीच्या तापाच्या औषधाबरोबर आलेला, गुलाबी. मग मी कॅलेंडरपाशी गेले. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर, सगळं सासूबाई तिथे लिहितात. तारखांच्या खाली लाल पेनाने बारीक ठिपके होते. मागच्या आठवड्यातल्या शनिवारपासून आजपर्यंत, नऊ.

"आई, हे काय आहे?"

त्यांनी नाही म्हटलं असतं तर कदाचित मी ओरडले असते. त्या खुर्चीवर बसल्या, हात पदराला पुसले आणि पालकसभेत बोलावं तशा बोलायला लागल्या. "हे बघ मैथिली, मी काही अंगारे-धुपारे केलेले नाहीत. तू नीट समजावून दिलंस, त्यावर मी विचार केला. स्वानंदच्या वहीतून प्रमाण घेतलं. तुझ्या वजनाला किती येतं ते काढलं, आणि त्याच्या निम्मंच घेतलं."

"निम्मं."

"सुरक्षित असावं म्हणून."

सान्वी नुसत्या चड्डीवर दारात उभी होती. मी तिला आत जाऊन चित्र काढ म्हटलं.

"मी कुणाचा जीव घेतला नाही," सासूबाई म्हणाल्या. "लोक मुली पाडतात. मी फक्त वळवलं."

"वळत नाही, आई. पोटात जे आहे ते पहिल्या दिवशीच ठरलंय. मुलगी असेल तर ती मुलगीच राहणार. फक्त तिच्या शरीराची वाट लागणार."

"पण तू कायमची नर होतात म्हणालीस."

"मासे, आई. मासे."

"हा फरक तू सांगितला नव्हतास."

खरं होतं. सांगितला नव्हता. त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात त्या मुलांचा अर्धा मार्क कापत असणार. मी बाथरूममध्ये जाऊन घशात बोटं घातली. पित्त आलं, तेव्हा लक्षात आलं की आजचं दूध मी प्यायलेच नव्हते. ठिपका आधीच काढलेला होता. नऊ नाही, आठ.

स्वानंदला फोन लावला. तो पहिलं वाक्य काय बोलला? "डबीतली किती कमी झालीय?"

"तुला पावडरची पडलीय?"

"तसं नाही अगं, डोस कळायला नको का?" मग तो हसला. घाबरला की हसतो, मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला ते माहीत असायची इच्छा नव्हती.

तासाभरात तो आला, अंगाला खाद्याचा वास घेऊन. आईशी आत काहीतरी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "चुकून झालं तिच्याकडून."

"चुकून कुणी ठिपके काढत नाही."

"बरं, उद्या डॉक्टरकडे जाऊ. पण ऐक, माशांचं सांगू नको. कुठल्या तरी बाईने औषध दिलं म्हण. त्या पावडरची परवानगी नाहीये माझ्याकडे. कागदावर आलं की टाक्या बंद."

"मादी नुसती जागा अडवते, हे तू जेवताना बोललास. आठवतंय?"

"ते माशांबद्दल होतं, मैथिली."

"तुझ्या आईला तू फरक सांगितला नव्हतास."

सोमवारी आम्ही ठाण्यात नौपाड्याला डॉक्टर दर्शनांकडे गेलो. सान्वी त्यांच्याच हातची. भिंतीवर तीच पाटी, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. मी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली, कॅलेंडरचं पान उलगडलं आणि सगळं सांगितलं. मोहन्याच्या टाक्यांसकट. स्वानंद छताकडे बघत होता.

डॉक्टरांनी हार्मोनचं नाव दोनदा विचारलं आणि केसपेपरवर लिहिलं. "हे मी लिहिणार," त्या स्वानंदला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे बघा, आठ दिवस म्हणजे फार नाही. वेळेवर थांबलंय. तुमच्या लिव्हरची तपासणी करू. बाळाचं म्हणाल तर कदाचित काहीच झालेलं नसेल. मुलगा असेल तर बहुधा फरक पडणार नाही. मुलगी असेल तर मात्र हेच आठवडे नाजूक असतात. तिच्या बाहेरच्या अवयवांवर परिणाम झालेला असू शकतो."

"कळेल कधी?"

"नक्की, जन्मल्यावर."

"सोनोग्राफीत?"

"एवढी बारीक गोष्ट खात्रीने दिसेलच असं नाही. आणि मुलगा की मुलगी, ते मी सांगू शकत नाही. कायदा तसा आहे. तो का आहे, हे आज तरी तुम्हाला समजावून सांगायला नको."

बाहेर रिक्षा शोधताना स्वानंद म्हणाला, "बघ, मुलगा असेल तर काही प्रॉब्लेम नाही म्हणाल्या." आवाजात सुटका होती.

मी त्याच्या कानाखाली मारणार होते. मारली नाही, कारण डॉक्टर ते वाक्य बोलल्या तेव्हा, त्याच खुर्चीत, माझ्याही मनात तेच आलं होतं. देवा, मुलगा असू दे. मी, जिला मुलगी हवी होती, तिच्या मनात. आठ ग्लास दुधात सासूबाईंनी माझ्याकडून ते मागून घेतलं जे पाच वर्षांत टोमण्यांनीही मिळालं नसतं. बाळाला काही झालंय की नाही ते सात महिन्यांनी कळेल. मला मात्र झालेलं आहे.

घरी सासूबाईंनी पोहे करून ठेवले होते. डॉक्टर जे बोलल्या ते मी शब्दन् शब्द सांगितलं. मुलाचं ऐकताना त्यांचे डोळे एकदम हलके झाले. ते मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांना दिसलं.

"आता सात महिने आपण दोघी मिळून मुलगा मागू," मी म्हटलं. "तुम्हाला हवं होतं ना? आणि मुलगी आली, तशी आली, तर मी तिला तुमच्या मांडीवर देणार आहे. निम्मंच घेतलं होतं, हे तिला तुम्ही सांगायचं. रोज. तिला कळायला लागेपर्यंत."

"मैथिली, अगं मी..."

"पोहे झाकून ठेवा. आम्ही ठाण्याला जातोय, माझ्या आईकडे."

"किती दिवस?" स्वानंदने विचारलं.

"ठिपके काढत बस."

मी सान्वीचे कपडे बॅगेत भरत होते. ती आली, माझ्या पोटाला बिलगली, नेहमीसारखं तोंड लावलं. "ए छोटी, मी ताई बोलतेय. आपण ठाण्याला चाललोय." मग मान वर करून विचारलं, "आई, छोटीच आहे ना?"

कदाचित भाऊ असेल, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पहिल्यांदाच. मला ते म्हणायचं होतं, ते खरं व्हावं असं वाटत होतं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

मी बॅगेची चेन ओढली.

"छोटीच म्हण," मी सान्वीला सांगितलं. "मोठ्याने म्हण. आजीला ऐकू जाऊ दे."